पोटातली भरती

भिकाजी तांडेलाच्या पोटावर पाच डाग होते आणि ते त्याच्या एकट्याचे नव्हते, सगळ्या वाडीचे होते. बेंबीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन आणि वर एक. कमरेला लंगोटी, डोक्याला मुंडासं, एवढ्यावर माणूस आयुष्यभर उघडा वावरला, त्यामुळे ते डाग कुणाला मुद्दाम दाखवावे लागले नाहीत. रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या मुखाशी खारव्यांची पंचवीस-तीस घरं होती. तिथं कुणाचं पोर पोट धरून रडायला लागलं की बायका म्हणायच्या, "तांडेलाचा पोट बग. सात वर्सांचा असताना डाग दिलानी. तवापासना पोटाचा नाव काडलान नाय."

हे त्याच्या तोंडावर बोललं जायचं. तो हो म्हणायचा नाही की नाही म्हणायचा नाही. दातानं सुतळी तोडायचा आणि जाळ्याचा पुढचा डोळा विणायला घ्यायचा. वाडीनं त्याचा अर्थ होकार असा धरला होता. पन्नास-साठ वर्षं माणूस गप्प बसला तर दुसरा अर्थ तरी काय धरायचा?

तसं त्याच्या शब्दाला वजन फार. चाळीस वर्षं तो मालाच्या मचव्यावर तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. वर मुंबई, खाली मंगळूर. कौलं, मीठ, नारळ, जे मिळेल ते त्यानं सुखरूप पोचवलं होतं. आता सासष्ट वर्षांचा झाल्यावर मचवा सुटला होता आणि हातात जाळं आलं होतं. अक्षर एक येत नव्हतं, पण तिथी सांगितली की तिची पाऊणकी मनातल्या मनात करून भरती किती वाजता लागणार ते तो बसल्या जागी सांगायचा. चौथीला तीन, अष्टमीला सहा. नुसतं तेवढंच नाही, वारा कुठला आहे, खाडीला वरून पाणी किती आहे, हेही धरून सांगायचा. वाडीत एखादी गोष्ट अगदी पक्की असली की लोक म्हणायचे, भिकाजीची भरती आहे ती, चुकायची नाही.

आणि गंमत अशी, की ज्याची भरती चुकत नव्हती त्याला मात्र भरतीचं नवल अजून संपलं नव्हतं. रोज सकाळी तो पाण्यात हात बुडवून कपाळाला लावायचा आणि घटकाभर नुसता बघत उभा राहायचा. एवढं पाणी येतं आणि आपलं आपण परत जातं, कुणी बोलावत नाही, कुणी हाकलत नाही. धोंडूबाई, त्याची बायको, वैतागून म्हणायची, "चाळीस वर्सां तिच्यावरच काडलाव, अजून काय बगताव तिला?"

एकोणीसशे सत्तावीस सालच्या श्रावणात त्याच्या नातीचं पोट दुखायला लागलं.

नातीचं नाव चिमा. सहा वर्षांची. बाप रघू मुंबईला गोदीत कामाला, शिमग्याला आणि गणपतीला येणारा. आई कमळा रोज मासळीची पाटी डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजारात जायची. चिमा आजाच्या पाठीला पाठ लावून पडवीत बसायची, त्याच्या लाकडी सुईत सुतळी भरून द्यायची, आणि तोंडाची टकळी चालू ठेवायची. ती टकळी एकाएकी थांबायची. चेहरा पांढराफटक पडायचा, दोन्ही हात बेंबीवर जायचे, आणि ती अगदी हळू म्हणायची, "आजा, पोटात दुखता." ओरडा नाही, आकांत नाही. अर्धी घटका, कधी एक घटका. मग जसं आलं तसं जायचं आणि पोर भात मागायची.

घरात होतं नव्हतं ते सगळं झालं. बेंबीवर हिंग लावून झाला, ओव्याचा शेक झाला, सागरगोटा उगाळून दिला, कुड्याचं मूळ दिलं, वावडिंग दिले. वावडिंगानं जंत पडतील म्हणून सगळे वाट बघत राहिले. पडायला जंत तर हवेत! मीठमोहऱ्या ओवाळल्या. गावदेवीला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. देवीनं नारळ ठेवून घेतला आणि पोट दुखतच राहिलं.

तेव्हा धोंडूबाई म्हणाली, "आता येसूबाईला बोलवा."

येसूबाई पलीकडच्या गावची. पोरांना डाग देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. फुटलेल्या मचव्याचा एक लांब खिळा तिच्याकडे होता, तो निखाऱ्यात लाल करायचा आणि पोटावर टेकवायचा. पैसाही घ्यायची नाही, पुण्याचं काम म्हणून करायची. कमळा हे ऐकून चिमाला घेऊन उठली. मागल्या दारी जाऊन तिनं चिमाचं पोलकं वर केलं आणि त्या कोवळ्या पोटावरून नुसता हात फिरवला. ते भिकाजीनं पाहिलं. तो धोंडूबाईला म्हणाला, "आदी सरकारी दवाखान्यात दाकवू. मग काय ता बगू."

वाडीत दवाखान्यात जायचं म्हणजे मरायला टेकल्यावर. चालतंबोलतं, नाचतं पोर उचलून डॉक्टरकडे नेणारा भिकाजी पहिलाच. नवरात्र संपल्यावर तो चिमाला खांद्यावर घेऊन तरीच्या होडीतून खाडीपलीकडे गेला आणि रत्नागिरीपर्यंत चालत गेला.

डॉक्टर देशावरचा, तरणा, चष्मेवाला. त्यानं पोट दाबून पाहिलं, बोटानं टकटक वाजवून पाहिलं, जीभ पाहिली, डोळे पाहिले, तिला काट्यावर उभी केली. चिमाला विचारलं, कुठं दुखतं. तिनं बेंबीवर बोट ठेवलं. मग तो म्हणाला, "आजोबा, मला काही सापडत नाही. ताप नाही, गाठ नाही, वजन चांगलं आहे."

"म्हंजी दुखत नाय?"

"असं कुठं म्हटलं मी? दुखतं. पोरगी खोटं बोलत नाही. का दुखतं ते मला कळत नाही, एवढंच. पुष्कळ मुलांना असं दुखतं आणि मोठेपणी जातं. एक करा. कधी कधी दुखतं ते रोजच्या रोज टिपून ठेवा आणि दोन महिन्यांनी परत या."

भिकाजी परत येताना तरीत बसून त्याच एका गोष्टीचा विचार करत होता. एवढा शिकलेला माणूस, भिंतीवर एवढाल्या बाटल्या, आणि सरळ म्हणतो मला कळत नाही! त्याला त्या तरण्या डॉक्टरचा राग आला नाही. उलट मोठाच माणूस वाटला तो. वाडीतल्या एकानंही आजवर हे तीन शब्द उच्चारले नव्हते.

टिपून ठेवायचं तर अक्षर कुणाला येत होतं? भिकाजीनं सणाच्या धाग्याची सुतळी घेतली आणि पडवीच्या मेढीला, म्हणजे खांबाला, बांधली. रोज तिन्हीसांजेला एक गाठ. दिवस सुखाचा गेला तर साधी, पोट दुखलं तर दुहेरी, बोटाला लागेल अशी. कोजागिरीपासून त्यानं सुरुवात केली. आणि खलाशाची जात, तिथीवाचून त्याला दिवसच मोजता येत नव्हता, म्हणून पुनवेच्या आणि अमावास्येच्या गाठीत तो काथ्याचं एक केसर अडकवू लागला.

दत्तजयंतीला दोन महिने भरले. चांदणं टिपूर होतं, उधाणाचं पाणी पायरीला लागलं होतं. भिकाजीनं सुतळी सोडली आणि डोळे मिटून बोटांमधून सरकवली. साध्या गाठी, साध्या गाठी, आणि काथ्याच्या शेजारी दुहेरी. परत पुढं. काथ्या आला, त्याच्या अलीकडे दुहेरी. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. पुनवेला आणि अमावास्येला समुद्राला उधाण येतं, तसंच उधाण ह्या एवढ्याशा पोटात येत होतं! त्यानं समोरच्या पाण्याकडे पाहिलं, आत झोपलेल्या नातीकडे पाहिलं, आणि त्याला हात जोडावेसे वाटले. कुणाला जोडायचे ते कळेना, तेव्हा दोघांच्या मधे कुठेतरी जोडले.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना सांगितलं. "चिमाच्या पोटाला भरती येता. आमोशेला नि पुनवेला. उदानाचा पोट हाय ता."

वाडी थक्क झाली. झाली म्हणजे काय, लोक लांबून बघायला यायला लागले. म्हाताऱ्या चिमाच्या पोटाला कान लावून बघायच्या, आणि एकीला तर लाटा ऐकूही आल्या. जे डॉक्टरला कळलं नाही ते भिकाजी तांडेलाला कळलं, असं जो तो म्हणायचा. हे ऐकून भिकाजीची मान थोडी ताठ झाली, हे कशाला लपवा? डॉक्टरनं परत बोलावलं होतं ते तो विसरला. आता तिथं जाऊन काय विचारायचं होतं?

पुढची अमावास्या आली. कमळानं त्या दिवशी पाटी उचलली नाही. धोंडूबाईनं सकाळपासून निखारे फुलवून ठेवले, ओव्याच्या पुरचुंड्या बांधल्या. शेजारच्या बायका पडवीत येऊन बसल्या. चिमाला चटईवर निजवलं, आणि सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. पोर सारखी विचारत होती, "आजा, पानी कुटपर्यंत आला?" तो खरं ते सांगायचा. खुंटापर्यंत आलं. पायरीला लागलं. भरती पुरी झाली आणि चिमा वाकडी झाली. तिचं ते दुखणं कधी नव्हे एवढं मोठं होतं, कपाळावर घाम डवरला होता. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. भिकाजीची भरती!

पौषातल्या पुनवेला तेच झालं. अमावास्येला तेच. माघातल्या पुनवेला पोर आदल्या दिवसापासूनच जेवेना. पूर्वी अर्धी घटका दुखायचं ते आता सबंध दुपार दुखायला लागलं.

येसूबाई आपण होऊन आली ती त्यानंतर. वाळलेली, गोरी, बोलायला गोड बाई. तिनं चिमाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "डाग कवा कवा लागू पडत नाय, कारन दुकन्याची येळ कुनाला ठावी नसता. तुमच्या तांडेलान येळच काडलान. येत्या आमोशेला भरती लागतेवेळी देऊ. एकदाच, पाच ठिकानी. तांडेलाला दिलानी तशे."

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. तो दिवस ठरला.

भिकाजीनं मान हलवली, पण त्या दिवसापासून त्याचं जाळ्यात लक्ष लागेना. विणीचे डोळे लहानमोठे व्हायला लागले. शिवरात्रीला सगळी वाडी देवळात गेली असताना तो मेढीशी बसून राहिला. हाताला चाळा म्हणून त्यानं जुनी सुतळी काढली, कोजागिरीपासूनची. बोटं चालायला लागली. आणि ह्या खेपेला बोटं थांबत गेली, कारण आता त्याला काही शोधून काढायचं नव्हतं.

काथ्याच्या शेजारी दुहेरी गाठ होती, खरं. पण त्याच्याआधी, भर अष्टमीला, भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी मेल्यासारखं पडलेलं असतं तेव्हाही एक दुहेरी होती. पंचमीला एक. एकादशीला लागोपाठ दोन. त्यानं पहिल्यापासून परत मोजलं. दत्तजयंतीपर्यंतच्या अकरा दुहेरी गाठींपैकी काथ्याजवळ होत्या फक्त चार. बाकीच्या सात त्या रात्री त्याच्याच बोटांखालून गेल्या होत्या आणि त्याला लागल्याच नव्हत्या. ज्यानं सारा जन्म भरतीच पाहिली त्याला सुतळीतही भरतीच दिसली.

आणि दत्तजयंतीनंतर? गाठी त्यानं सवयीनं रोज मारल्याच होत्या. त्यानंतर दुहेरी गाठ काथ्याला सोडून एकही नव्हती. सगळ्या जिथल्या तिथं, नेमक्या. ज्या दिवशी त्यानं सांगितलं, त्या दिवसापासून नेमक्या.

भिकाजी सुतळी हातात धरून सुन्न बसला. चूक कळली तेव्हा शरम वाटली होती, ती मागं पडली आणि दुसरंच काहीतरी वर आलं. सहा वर्षांच्या पोरीनं त्याचा शब्द कानानं ऐकला तो ऐकला, पण पोटानंही ऐकला होता. सगळ्या बायका जिची वाट बघत बसल्या होत्या ती कळ तिनं आणून दिली होती, आणि खोटी नाही, खरी, घाम फुटेल अशी. समुद्र कुणाचं ऐकत नाही. हे पोट सगळ्यांचं ऐकत होतं. एवढं मोठं नवल त्यानं पाण्यावर चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याला त्याची भीती वाटली.

धोंडूबाई देवळातून आल्याबरोबर त्यानं तिला सांगितलं, "माजा चुकला. पोटाला भरतीबिरती काय नाय. उद्या येसूबाईला नको म्हनून सांग."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमची भरती आजपर्यंत चुकली नाय ती आजच चुकली? पोरीची दया येता म्हनून खोटा बोलताव. दया मना येत नाय? पन तुमी बरे झालाव ना? तुमच्या आवशीन त्या टायमाला दया केली असती तर तुमी आज असता का?"

तो काही बोलणार होता. तोंड उघडलं, आणि साठ वर्षांची सवय आडवी आली. त्यानं ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला भरती लागायची होती. येसूबाई वेळेआधी आली. तिनं शेगडीत खिळा घातला आणि वारा घालत बसली. बायका भिंतीला लागून बसल्या. कमळानं चिमाला मांडीवर घेतलं होतं. तिचे हात धरायला एक शेजारीण, पाय धरायला दुसरी. कमळाच्या डोळ्यांना धार लागली होती. भिकाजी उंबऱ्याशी उभा होता, पाठीमागे पाणी चढत होतं आणि ते त्याला न बघता कळत होतं.

चिमा विचारत नव्हती, पाणी कुठपर्यंत आलं म्हणून. ती खिळ्याकडे बघत होती. त्याचं टोक लाल झालं तेव्हा ती एकदम सरळ बसली आणि घाईघाईनं म्हणाली, "मना दुखत नाय. खराच नाय. आता परत कदी दुखनार नाय. मी परत कदी सांगनार नाय, आये, कदीच सांगनार नाय!"

"सगळी पोरां असाच बोलतात," येसूबाई मायेनं म्हणाली आणि तिनं खिळा उचलला.

भिकाजी दोन पावलांत मधे येऊन बसला. बसला म्हणजे पडलाच, चिमा आणि शेगडी यांच्या मधे. त्याचे ते पाच डाग येसूबाईच्या तोंडासमोर आले.

"सगळी पोरां असाच बोलतात," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मी पन ह्याच बोललो हुतो. सात वर्सांचा हुतो. परत कदी सांगनार नाय म्हनलो. तरी दिलानी पाच. आनि मी सांगितला नाय."

धोंडूबाई पुढं झाली. "अवो, मग बरे झालाव म्हनूनच ना?"

"नाय." त्यानं पोटावर हात ठेवला. "दुखायचा थांबला नाय. दुसऱ्या दिशी दुखला. त्याच्या दुसऱ्या दिशी दुखला. पयल्यांदा मचव्यावर गेलो तवा दुखला. आपला लगीन लागला तवा अंतरपाटामागं दुखत हुता. रघू झाला त्या दिशी दुखला. म्हैना म्हैना दुखायचा नाय, मग दुखायचा. लोखंडाच्या भ्यानं सांगितला नाय, मग सवयच झाली. तुमी बोलायच्याव, तांडेल बरा झाला, नि मी जाळा विनायचो. माज्या ह्या गप बसन्यावर ह्या वाडीतल्या किती पोरांना डाग दिलानी, ता माज्या माथी हाय. आता हिला नको."

बाहेर पाणी पायरीला लागल्याचा आवाज आला. भरती पुरी झाली होती. भिंतीशी बसलेल्यांतली एक तरणी बाई हळूच आपल्या पदराखाली पोटावरून हात फिरवायला लागली. तिला येसूबाईनंच लहानपणी डाग दिले होते. येसूबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिचा स्वतःचा हात वरच्या वर राहिला होता आणि खिळ्याची लाली उतरत चालली होती.

"सखू," येसूबाईनं तिला विचारलं, "तुजा थांबला हुता ना गो?"

सखू खाली बघत राहिली.

येसूबाईनं खिळा पाण्याच्या तांब्यात बुडवला. चुर्रर झालं. ती उठली, पदर नीट केला आणि कुणाशी न बोलता वाटेला लागली. पुढं कुठं ती डाग द्यायला गेली नाही, असं म्हणतात. तिच्या मनात काय झालं असेल ते तीच जाणे. भल्या मनानं केलेल्या गोष्टीचा हिशेब कुणाला मागायचा?

आणि चिमा? भरती येऊन गेली, माणसं आजाकडे बघत राहिली, आणि तिच्या पोटाकडे बघायला त्या दिवशी कुणी उरलंच नाही. दुपारी तिनं भात मागितला.

भिकाजीनं सुतळी कमरेला गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. दोन महिन्यांचे चार झाले होते. डॉक्टरला त्यानं सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा. डॉक्टरनं सुतळी हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत गाठी चाचपल्या, एकेका गाठीची तिथी विचारली, आणि भिकाजी न अडखळता सांगत गेला. "आजोबा," तो शेवटी म्हणाला, "इतकं नीट मला कुणी लिहूनसुद्धा दिलेलं नाही." मग दोघं बसून बोलले. औषध त्यानं दिलंच नाही. दुखलं तर दुखतं म्हणू द्या, म्हणाला. जवळ घ्या, शेक द्या, पण सगळं घर थांबवू नका. आणि पोर बारीक व्हायला लागली, ताप आला, उलट्या झाल्या, तर मात्र त्याच पावली घेऊन या.

पोट दुखायचं थांबलं असं नाही. ते मग चौथीला दुखलं, दशमीला दुखलं, पूर्वीसारखंच मनाला येईल तेव्हा. पण कमळा पाटी घेऊन बाजाराला जायला लागली. बायका आपापल्या घरी राहिल्या. चिमा "दुखता" म्हणाली की भिकाजी "बरा, ये" म्हणायचा, सरकून जागा करायचा आणि डावा तळहात तिच्या पोटावर ठेवायचा. उजव्या हातानं जाळं चालूच. कळ तळहाताखाली येते कशी, उभी राहते कशी, आणि ओसरते कशी, हे त्याला कळायला लागलं. दर वेळी ओसरली की त्याला पुन्हा नवल वाटायचं. सुतळी त्यानं परत बांधली नाही. चिमा दहा वर्षांची झाल्यावर महिनेच्या महिने काही नसायचं; पुढं ती पावस गावी दिल्या घरी गेली, दोन पोरांची आई झाली, आणि तिच्या पोरांनी पोट दुखतं म्हटलं की हातातलं काम न सोडता त्यांना जवळ घ्यायची.

पण हे फार पुढचं. त्या वर्षीच्या शिमग्याआधीची एक सकाळ सांगायची राहिली.

भिकाजी पडवीत विणत होता. ऐनाच्या सालीत बुडवलेलं जाळं अंगणात वाळत होतं, त्याचा वास सुटला होता. धोंडूबाई चुलीपाशी होती. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी फारसं बोलली नव्हती. बेचाळीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसाचं पोट दुखतं हे आपल्याला वाडीबरोबरच कळावं, हे तिला जिव्हारी लागलं होतं. चिमा सुईत सुतळी भरत होती. भरता भरता ती आजाकडे बघून थांबली.

"आजा, तुज्या पोटात दुखता काय आता?"

जाळ्याचा डोळा अर्धा राहिला. "नाय" हा शब्द त्याच्या ओठावर तयारच होता, साठ वर्षं तयार होता. पोरगी वाट बघत होती.

"हां," भिकाजी म्हणाला. "फाटेपासना. वायच."

"बरा, ये," चिमा म्हणाली. ती सरकली आणि तिनं आपला तळहात त्याच्या पोटावर ठेवला. पाच डागांपैकी तिच्या हाताखाली तीनच मावले. म्हातारा हलला नाही. सासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी तिथं हात ठेवला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यानं पुसलं नाही.

आत चुलीपाशी डबा उघडल्याचा आवाज आला, तवा ठेवल्याचा आला, आणि भाजलेल्या ओव्याचा वास पडवीत आला. धोंडूबाई पुरचुंडी बांधून बाहेर आली, आणि चिमाला म्हणाली, "हात काड बाय. शेक दिते त्येंना."